मदत हवी आहे: जांबोटीकडे रात्रीच्या आकाशाचे फोटो, लेन्सवरचं दव आणि मुक्काम

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात शहापूरला राहतो, उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला आहे. दीड वर्षापूर्वी एक वापरलेला डीएसएलआर कॅमेरा घेतला, त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स, आणि तेव्हापासून आकाशाच्या नादी लागलोय. गेल्या डिसेंबरात दोन मित्रांना घेऊन पहिल्यांदाच रात्रभर बाहेर राहिलो आणि पुरती फजिती झाली. यंदा तसं होऊ नये म्हणून विचारतोय. जरा लांबण आहे, सांभाळून घ्या.

आधी जागेचं. गच्चीवरून मृग दिसतो, पण फोटोत सगळं आकाश पिवळट. राजहंसगडावर एकदा जाऊन आलो. तिथून शहराचे दिवे बघायला छान, पण आपल्याला नेमके तेच नकोत. चिकोडीकडे मावशी राहते, तिकडे हिवाळ्यात ऊसतोड जोरात. पेटवलेल्या पाचटाचा धूर आणि कारखान्याचा झगमगाट, खालच्या अंगाला एक तारा दिसेल तर शपथ. शेवटी मित्राच्या मामांचं शेत गाठलं, जांबोटीच्या पुढे, कणकुंबी रस्त्यावरून आत.

अंधार असा की पहिली पाच मिनिटं आम्ही एकमेकांना आवाजावरून ओळखत होतो. भाताची मळणी नुकतीच झालेली, गवे येतात म्हणून मामा खळ्यावरच झोपायला. ट्रायपॉड लावताना बघून म्हणाले, "काय करूलाय रे हित? एवढ्या थंडीत फोटो काढतंय कोण?" मग स्वतःच शेकोटीत दोन लाकडं सारली आणि पहाटेपर्यंत अधूनमधून उठून "आलं काय काय तरी?" विचारत राहिले.

आलं काय ते सांगतो. कॅमेऱ्याचं सेटिंग आयएसओ ३२००, एफ ३.५, एकेका फोटोला ३० सेकंद. साडेअकरापर्यंत स्क्रीनवर व्याध, मृगातले काक्षी आणि राजन्य, कृत्तिकांचा झुबका, सगळं झकास. बाराच्या पुढे तारे सुजायला लागले. मला वाटलं फोकस सरकला. लावला, परत तेच. तासभर झटापट केल्यावर टॉर्च मारून बघतो तर लेन्सची काच पांढरी, थंडीत आंघोळ झाल्यावर आरसा होतो तशी. रुमालानं पुसली, पाच मिनिटांत पुन्हा तशीच. बॅग, सतरंजी, बुटांच्या नाड्यासुद्धा ओल्याचिंब. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडलं तर साडेअकराच्या आधीच्या फोटोंतही ताऱ्यांच्या जागी तांदळाचे दाणे. एकूण २१४ फोटो, धड एकही नाही. आणि ज्याच्यासाठी गेलो ती आकाशगंगा तर कुठेच नव्हती.

थंडी सोसते हो, दवाचं काय करायचं ते सांगा. तारे दाण्यासारखे का आले? आकाशगंगा हिवाळ्यात दिसतच नाही का? आणि भीमगडच्या जंगलाच्या बाजूला आणखी आत मुक्काम करता येतो का? बजेट फार नाही, नवी लेन्स सुचवू नका, घरात मार बसेल.

प्रतिसाद १

तुमच्या कॅमेऱ्यात काही दोष नाही, आधी ते डोक्यातून काढा.

दाण्यांचं सोपं आहे. पृथ्वी फिरते, ट्रायपॉड तिच्यासोबत फिरतो, तारे मागे राहतात. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे लेन्सच्या १८ मिमीला दीडनं गुणा, २७ आले. आता ५०० चा ठोकताळा: ५०० ला २७ नं भागा, साडेअठरा सेकंद. त्याच्या पुढे गेलात की रेघ उमटणारच. मी १५ वरच थांबतो. त्यात मृगाच्या पोटातला बाण जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवर आहे, तिथले तारे फोटोत सगळ्यात जास्त पळतात. ध्रुवाकडे तोंड केलं तर जास्त सेकंद चालतात, पण आपल्याकडे ध्रुव जेमतेम १६ अंशांवर, झाडीतच अडकतो.

दव. लेन्सची काच उघड्या आकाशाकडे बघत बसते, अंगातली ऊब वर सोडते आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार पडते. मग वाफ तिच्यावरच बसणार, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बसते तशी. पुसून उपयोग नाही, उलट डाग पडतात. काच नुसती दोन-तीन अंश कोमट राहिली तरी पुरे. पॉवर बँकवर चालणारी हीटरची पट्टी मिळते, ती लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळायची आणि दव दिसायच्या आधीच चालू करायची. तोवर जुन्या सॉक्समध्ये हात शेकायची पुडी घालून बांधा, दिसायला वाईट पण काम होतं. घरी आल्यावर कॅमेरा लगेच उघडू नका, बॅगेतच तासभर राहू दे.

आकाशगंगेचं म्हणाल तर तुम्ही गेलात धनुर्मासात. इंटरनेटवरच्या फोटोत दिसतो तो तिचा भरलेला गाभा धनू राशीकडे, आणि तेव्हा सूर्यच तिथे बसलेला. फेब्रुवारी अखेरीस पहाटे बघा. हिवाळ्यातला पट्टा मृग आणि मिथुन यांच्या मधून जातो, पण अगदी फिका.

आणि डिसेंबरच कशाला? तेच तारे महिन्याला दोन तास लवकर येतात. दक्षिणेला अगस्त्याचा तारा डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री एकच्या सुमारास सगळ्यात वर असतो, म्हणजे ऐन दवात. जानेवारी अखेरीस तोच सव्वादहाला. पौष अमावास्येच्या आगेमागे जा, बाराच्या आत आवरा, मग खुशाल शेकोटीला बसा.

प्रतिसाद २

मी खानापूर तालुक्यातलाच. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय रात्री आत पाऊल टाकू नका. दंड राहू दे, तिकडे अस्वल आहे. बिबट्या माणूस बघून बाजूला होतो, अस्वलाचं तसं नसतं. हत्तीही फिरतात. मामांचं शेत आहे ना, सोन्यासारखी जागा आहे ती. जांबोटीहून शहर ईशान्येला, दक्षिणेला सगळं रान. अगस्त्य दक्षिणेलाच दिसतो, मग पाठ शहराकडे करून उभं राहायचं, आणखी काय पाहिजे?

फक्त खळ्यावर थांबू नका. भाताची जमीन खोलगट, रात्री गार हवा तिथेच साचते. बांधावरून वर माळ असेल तर तिथे ट्रायपॉड लावा, निदान तास-दीड तास जास्त मिळेल. शेजारच्या शेतवाल्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर रात्री टॉर्च हलताना बघून लोक काठ्या घेऊन येतात. वनखात्याची गस्त आली तर कन्नड बोलणारा एक जण सोबत बरा. शेकोटी गवताच्या गंजीपासून लांब, हे सांगायला नको.

प्रतिसाद ३

टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. पांढरा उजेड एकदा डोळ्यांत गेला की अंधार पुन्हा नीट दिसायला वीस मिनिटं तरी जातात. बाकी मामांसाठी एक फोटो छापून न्या, बिचारे रात्रभर विचारत होते.

धागाकर्ता

सगळ्यांचे खूप आभार. ३० सेकंदांचं खूळ एका व्हिडिओनं डोक्यात भरवलं होतं. काल गच्चीवर १५ सेकंदांवर काढून बघितलं, आकाश पिवळंच पण तारे टिंबासारखे! मामांना फोन केला, वरच्या माळावर काजूची झाडं आहेत म्हणतात, दक्षिणेकडची बाजू मोकळी आहे का ते उद्या बघून सांगणार आहेत. हीटरची पट्टी मागवलीय. एकच राहिलं: माझी पॉवर बँक १०,००० एमएएचची आहे, पट्टी ५ व्होल्ट २ अँपियर लिहिलेली. सहा ते बारा चालेल का, की दुसरी उसनी घेऊ?

प्रतिसाद १

५ गुणिले २, म्हणजे १० वॉट. तुमच्या बँकेत कागदावर ३७ वॉट-तास, प्रत्यक्षात तीसच्या आसपास. पूर्ण जोरावर तीन तास. कमी-जास्त करायचं बटण असेल तर मंद ठेवा, आणि सहाला नको, नऊला लावा. तरी एक उसनी घ्याच.