वादळ-पावसाचे इंग्रजी शब्द आणि त्यांचे हंगेरियन प्रतिशब्द

शब्दसंग्राहक (प्रश्न):

नमस्कार. मी इंग्रजीच्या आधाराने हंगेरियन शिकत असून सध्या हवामानविषयक शब्दांची यादी तयार करत आहे. स्नोसाठी हो, फॉगसाठी कोद, विंडसाठी सेल, क्लाउडसाठी फेलहो आणि रेनबोसाठी सिवार्वान्य, इथपर्यंत काम सुरळीत चालते; मात्र स्टॉर्म हा शब्द आला की यादी अडते. एका कोशात त्याच्यापुढे विहॉर असे दिले आहे, दुसऱ्यात झिवॉतॉर, आणि हंगेरीतील हवामानाच्या अंदाजांत तर हे दोन्ही शब्द पुष्कळदा एकाच वाक्यात भेटतात. गेल आणि गस्ट यांच्यासाठी कोणते शब्द घ्यावेत, हेही ठरत नाही. प्रत्येक इंग्रजी शब्दापुढे एकच हंगेरियन शब्द लिहिण्याची पद्धत इथे चालेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

नभोनिरीक्षक:

नमस्कार. ती पद्धत हिम, धुके, इंद्रधनुष्य यांच्यापुरती चालेल. वादळाच्या बाबतीत मात्र ती दिशाभूल करील. इंग्रजीतील स्टॉर्म हा शब्द वारा, पाऊस, गारा, बर्फ, वाळू अशा सगळ्यांना आपल्या पोटात घेतो. हंगेरियनमध्ये विहॉर म्हणजे मुळात जोराचा वारा. हा शब्द स्लाव्ह भाषांतून आलेला आहे आणि तिकडे त्याचा अर्थ वावटळ असा होता. म्हणूनच होविहॉर म्हणजे वाऱ्याने घोंघावणारा हिमवर्षाव आणि होमोकविहॉर म्हणजे वाळूचे वादळ. झिवॉतॉर या शब्दाची कसोटी निराळी आहे: हवामानशास्त्राच्या परिभाषेत जिथे वीज आणि गडगडाट आहे तिथेच झिवॉतॉर म्हणतात, मग वारा बेताचा असला तरी चालतो. तेव्हा थंडरस्टॉर्मपुढे निःशंकपणे झिवॉतॉर लिहावे. रोजच्या बोलण्यात लोक या दोहोंची सरमिसळ करतात, परंतु अधिकृत इशाऱ्यांत ती केली जात नाही.

हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात का येतात, याचे कारण निसर्गातच आहे. गडगडाटी ढगातून पावसाबरोबर थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि पावसाच्या पुढे धावत येते. या वाऱ्याला हंगेरियनमध्ये किफुतोसेल, म्हणजे बाहेर धावत सुटणारा वारा, असे अतिशय नेमके नाव आहे. इंग्रजीतील आउटफ्लोची जागा तोच शब्द घेतो. म्हणजे झिवॉतॉर हा घडवणारा आणि विहॉर हा त्याच्यापासून निघणारा, असा संबंध अनेकदा असतो. २० ऑगस्ट २००६ रोजी बुडापेस्टमध्ये राष्ट्रीय सणाची आतषबाजी पाहण्यासाठी डॅन्यूबच्या दोन्ही काठांवर प्रचंड गर्दी जमलेली असताना असेच विजांचे वादळ शहरावर येऊन आदळले, त्यातील सोसाट्याच्या वाऱ्याने झाडे उन्मळून पडली आणि काही जणांना जीव गमवावा लागला. अशा प्रसंगी इशाऱ्यातील एकेका शब्दाला किती वजन असते, हे वेगळे सांगायला नको.

गस्टसाठी सेललोकेश हा शब्द आहे. लोकेश म्हणजे ढकलणे किंवा धक्का, त्यामुळे वाऱ्याचा झोत नेमका कसा लागतो ते या शब्दातच उतरले आहे. गेलसाठी मात्र सुटे नाव शोधू नये. तिथे विहॉरपासून झालेले विशेषण लावून विहॉरोश सेल, म्हणजे वादळी वारा, असे म्हणतात. वाऱ्याचा जोर पायऱ्यांत मोजणाऱ्या ब्यूफर्ट मापनश्रेणीची शेवटची, म्हणजे १२वी पायरी, ताशी ११८ किलोमीटरच्या आसपास सुरू होते. तिचे हंगेरियन नाव ओर्कान. अटलांटिकवरील उष्णकटिबंधीय चक्रीवादळाला मात्र हुर्रिकान म्हणतात. इंग्रजी हरिकेन या एकाच शब्दाचे हे दोन अर्थ यादीत वेगळे दाखवणे आवश्यक आहे.

आता हंगेरीतील बॉलॉतोन सरोवराचे उदाहरण पाहा, कारण तिथे विहॉर या शब्दाला कायद्याचा अर्थ आहे. सरोवर सुमारे ७७ किलोमीटर लांब असले तरी सरासरी खोली तीन मीटरांहून थोडीच अधिक आहे, आणि इतक्या उथळ पाण्यात वारा सुटताच लाटा फार लवकर उसळतात. म्हणून १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात काठावरील दिव्यांनी विहॉरयेल्झेश, म्हणजे वादळाचा संकेत, दिला जातो. दिवा मिनिटाला ४५ वेळा लुकलुकला तर ती पहिली श्रेणी: वारा ताशी ४० ते ६० किलोमीटर, पोहणाऱ्यांनी काठापासून ५०० मीटरांच्या आत राहायचे. मिनिटाला ९० वेळा लुकलुकला तर दुसरी श्रेणी: वारा ६० च्या वर, आणि पोहण्यास पूर्ण बंदी. इंग्रजीतील ब्यूफर्ट श्रेणीत गेल ताशी ६२ किलोमीटरला सुरू होतो आणि स्टॉर्म हे नाव ८९ किलोमीटरच्या पुढेच लागते. म्हणजे ज्या वाऱ्याला इंग्रज खलाशी गेलसुद्धा म्हणणार नाही, त्याच्यासाठी बॉलॉतोनवर विहॉर हा शब्द उजळतो. आपल्या यादीत विहॉरपुढे स्टॉर्म जरूर लिहावे, पण वाऱ्याचा वेगही शेजारी नोंदवावा.

भाषाभ्यासक:

वरील उत्तर उत्तम आहे. मी शब्दांच्या घडणीबद्दल थोडे लिहितो, कारण मराठी माणसाला हंगेरियनचा हा भाग इंग्रजीपेक्षा जवळचा वाटतो. क्लाउडबर्स्टसाठी फेलहोसॉकॉदाश हा शब्द आहे: फेलहो म्हणजे ढग, सॉकॉदाश म्हणजे फाटणे. आपली ढगफुटी जशीच्या तशी. लाइटनिंगसाठी विल्लाम, आणि त्याच धातूपासून विल्लॉन्य म्हणजे घरातील वीज आणि विल्लॉमोश म्हणजे विजेवर चालणारी ट्राम. आकाशातल्या आणि तारेतल्या विजेसाठी इंग्रजीला दोन असंबद्ध शब्द लागतात. मराठीत आणि हंगेरियनमध्ये त्यांचे नाते उघड दिसते. थंडरला मेन्न्यदोर्गेश म्हणतात. मेन्न्य म्हणजे स्वर्ग किंवा आकाश, दोर्गेश म्हणजे गडगडाट.

क्रियापदांकडेही लक्ष द्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पावसाला एशो म्हणतात आणि एशिक म्हणजे पडतो. एशो हे त्याच क्रियापदाचे विशेषणरूप आहे, म्हणजे पाऊस हा शब्दशः ‘पडणारा’. एशिक ऑझ एशो म्हणजे ‘पाऊस पडतो’, आणि नुसते एशिक म्हटले तरी वाक्य पुरे होते. इंग्रजीत इट हा नाममात्र कर्ता ठेवल्याशिवाय पाऊस पाडता येत नाही. हंगेरियनला त्याची गरजच नाही. बर्फ पडत असेल तर हॉवॉझिक, वीज चमकत असेल तर विल्लामलिक, गडगडत असेल तर दोरोग, असे एकेकच शब्द पुरतात. ड्रिझलसाठी तर सिता, म्हणजे चाळणी, यापासून क्रियापद झाले आहे: सिताल, पाऊस चाळणीतून गाळल्यासारखा भुरभुरतो. केवळ नामांची यादी केल्यास हे सगळे निसटेल.

शब्दसंग्राहक:

दोघांचेही मनापासून आभार. यादीत नाम, क्रियापद आणि वाऱ्याचा वेग असे तीन रकाने करतो. आता एक शेवटचा प्रश्न: हेल, स्लीट आणि फ्रीझिंग रेन यांच्यासाठी काय लिहावे?

नभोनिरीक्षक:

हेलसाठी येगएशो; येग म्हणजे बर्फाचा गोठीव तुकडा, तेव्हा हा ‘बर्फाचा पाऊस’. स्लीटबाबत सावध राहावे, कारण खुद्द इंग्रजीतच त्याचे दोन अर्थ आहेत. ब्रिटनमध्ये स्लीट म्हणजे पाऊस आणि हिम यांचे मिश्रण, त्याला हॉवॉश एशो म्हणावे. अमेरिकेत तोच शब्द वाटेत गोठून कडक दाणे झालेल्या थेंबांसाठी वापरतात, त्याला फॉद्यॉत्त एशो म्हणावे.

फ्रीझिंग रेन या दोहोंपासून निराळा आणि सर्वांत घातक. यातील थेंब द्रवरूपच खाली येतात, पण शून्याखालील रस्त्यावर, फांदीवर किंवा तारेवर टेकताक्षणी गोठतात आणि पारदर्शक बर्फाचा थर चढवतात. त्याचे नाव ओनोश एशो. ओन म्हणजे कथील. डिसेंबर २०१४ च्या सुरुवातीला अशाच बर्फाच्या भाराने बुडापेस्टमधील बुडाच्या टेकड्या आणि पिलिश व बोर्झोन्य हे डोंगर येथील जंगलांत असंख्य झाडे मोडून पडली होती. हिवाळ्याच्या इशाऱ्यात ओनोश एशो हे दोन शब्द दिसले की त्यांचा अर्थ हिमपाताहून वेगळा आहे, हे यादीत ठळकपणे लिहावे.