पार्किंगमधली गाठोडी आणि क्लबची यादी
(चिपळूण, सोसायटीचा ग्रुप, बुधवार ४ ऑगस्ट २०२१)

बी-२०३ वहिनी, सकाळी ७.४०
पार्किंगमध्ये परत कपड्यांची गाठोडी येऊन पडली आहेत. काल रात्री अकराला टेम्पो खाली करून गेला. मी मोजली, एकोणीस आहेत. पाऊस आत येतो, सगळं भिजलंय आणि कुबट वास वर बेडरूमपर्यंत येतो. आत्ता कुठे पुराच्या चिखलाचा वास गेला होता. हे पूरग्रस्तांना मदत करणाऱ्या आपल्या क्लबवाल्यांचं आहे का आणखी कुणाचं, ते कळेल का?

ए-२०२ भाऊ, ७.४६
पार्किंग क्लबला द्यायचा ठराव कधी झाला? मला आठवत नाही.

बी-४०१ अण्णा, ७.५८
वहिनी, नमस्कार. गाठोडी आम्ही मागवलेली नाहीत. बाहेरगावच्या एका मंडळाने न विचारता पाठवली आणि क्लबचा बोर्ड बघून वॉचमनने उतरवून घेतली. आज हलवतो. तुम्हाला त्रास झाला, माफ करा.

ए-३०४ सेक्रेटरी, ८.०२
अण्णा, दुपारपर्यंत जमलं तर बरं. बाकी सर्वांनी कृपया शांततेने घ्यावे 🙏

सी-१०४ बंटी, ८.०५
काकी, एका गाठोड्यात शेरवानी आहे आणि दोन स्वेटर. चिपळुणात स्वेटर!

बी-२०३ वहिनी, ८.०६
हसू नको रे. माझ्या वॉशिंग मशीनची मोटर गेली आहे. धुवायचं कुणी?

सी-१०२ काकी, ८.११
माणसं प्रेमाने देतात हो. २२ तारखेला आपण अंगावरच्या कपड्यांनिशी तिसऱ्या मजल्यावर बसलो होतो. तेव्हा कुणी कोरडा गाऊन दिला असता तर मी पाया पडले असते.

बी-२०३ वहिनी, ८.१३
तेव्हा, काकी. आज तेरा दिवस झाले.

बी-४०१ अण्णा, ८.२०
दोघींचंही बरोबर आहे. पहिले चार दिवस पाणी, बिस्किटं, मेणबत्त्या, कोरडे कपडे लागले. पुढच्या आठवड्यात फावडी, घमेली, फिनेल, ब्लीचिंग पावडर, गमबूट. आता लोकांना काय पाहिजे ते बाहेरगावी बसून कळत नाही. म्हणून आम्ही गेले तीन दिवस घरोघर जाऊन यादी करतोय. खेंड झालं, मुरादपूर झालं, पेठमाप अर्धं राहिलंय.

ए-२०२ भाऊ, ८.२२
यादी ठीक आहे. ठराव कधी झाला?

ए-४०३ नाना, ८.३१
याद्या करून काय होणार? दर पावसाळ्यात करा. वाशिष्ठी नदीतला गाळ जोवर काढत नाहीत तोवर हेच. २००५ च्या पुराची खूण आपल्या जिन्यात होती, ती यंदा बुडाली.

डी-३०१ सर, ८.३५
नाना, नुसता गाळ नाही. कोळकेवाडी धरणाचं पाणी सोडलं तेही बघा.

ए-४०३ नाना, ८.४१
सर, मी पाटबंधाऱ्यात तीस वर्षं काढली. पोफळीच्या वीजगृहातलं पाणी कोळकेवाडीत येतं आणि तिथून वाशिष्ठीला, हे मला शिकवू नका. त्या रात्री पाऊस कोसळत होता, पौर्णिमा दोन दिवसांवर होती, खाडीला उधाण. दाभोळकडे पाणी उतरायला जागाच नव्हती.

डी-३०१ सर, ८.४३
शिकवत नाही. विचारतोय. विचारायचं पण नाही का?

सी-१०४ बंटी, ८.४४
सर आणि नाना, तुमचा वेगळा ग्रुप काढू का? नाव ठेवू ‘वाशिष्ठी’.

ए-३०४ सेक्रेटरी, ८.४५
बंटी.

डॉक्टर (डी-२०२), ८.५२
विषय बदलतो, माफ करा. चिखलात काम करणाऱ्यांनी लेप्टोची, म्हणजे घाण पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाची, गोळी घेतली का? मोठ्या माणसांना डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, जेवल्यावर. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना नाही, त्यांच्यासाठी मला विचारा. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं, यातलं काहीही असलं तर घरी बसून राहू नका. क्लबच्या पोरांनी गमबूट घातल्याशिवाय नाल्यात उतरायचं नाही. काल दोघं चपलेवर दिसले.

बी-४०१ अण्णा, ८.५५
डॉक्टर, आज सगळ्यांना गमबूट देतो. गोळ्या वाटल्या आहेत.

ए-२०२ भाऊ, ९.०४
माझा प्रश्न परत टाकतो. पार्किंग देण्याचा ठराव कधी झाला? शिवाय प्रेशर पंप सोसायटीच्या मीटरवर चालतो. बिल कोण भरणार? उद्या पाच-सहा हजार आले तर मेंटेनन्समध्ये घालणार का?

ए-३०४ सेक्रेटरी, ९.१०
भाऊ, ठराव झाला नाही, खरं आहे. मी तोंडी हो म्हटलं, ती जबाबदारी माझी. पण २६ तारखेला आपली जमिनीखालची टाकी चिखलाने भरली होती. तो चिखल याच क्लबच्या पंपाने, याच पोरांनी काढला. तुमच्या नळाला त्यानंतर पाणी आलं.

ए-२०२ भाऊ, ९.१२
त्याचे आभार मी त्याच दिवशी मानले होते, वर जाऊन बघा. पण हिशोब हा हिशोब.

बी-२०३ वहिनी, ९.१४
भाऊंचा मुद्दा चूक नाही. मलाही हेच वाटत होतं, बोलले नाही.

डी-३०१ सर, ९.२०
अण्णा, एक विचारू? क्लबचे मदतीचे किट आपल्या गाळेवाल्यांना मिळाले का? खालच्या चार गाळ्यांपैकी एकालाही मी रांगेत बघितलं नाही.

बी-४०१ अण्णा, ९.३३
सर, बरं झालं विचारलंत. ते आले नाहीत. रांगेत उभं राहायची त्यांना सवय नाही, आणि आम्ही शाळेच्या पटांगणात टेबल मांडून बसलो होतो. माझीच चूक. परवा मी खाली गेलो, शिलाईवाल्या वहिनींच्या गाळ्यात. लाद्या त्यांनी एकटीने घासल्यात. दोरीला चिमटे लावून वहीची पानं वाळत घातलेली. मापांची वही. सतरा वर्षांची मापं. शाई पसरलीय, निम्मी वाचता येत नाहीत. मला म्हणाल्या, ‘अण्णा, मला तांदूळ नको. गिऱ्हाइकांचे बासष्ट ब्लाउजपीस बुडालेत, त्यांना काय तोंड दाखवू ते सांगा.’

सी-१०२ काकी, ९.३५
अगंबाई. माझेही दोन त्यात होते. मी काल तिला फोन केला होता त्यासाठी. मला काही माहीत नव्हतं.

बी-४०१ अण्णा, ९.४१
काकी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्या तिन्ही मशीन गाळात होत्या. शटलमध्ये, बॉबिन केसमध्ये माती जाऊन कडक झालीय, पट्टा कुजला, एका मोटरचं वाइंडिंग जळलंय. पण लोखंड शाबूत आहे. उघडून, रॉकेलमध्ये भिजवून, तेल देऊन चालू होतील असं मिस्त्री म्हणतो. यादीत अशी एकशे चाळीस नावं आहेत. शिलाई मशीन, पिठाची गिरणी, मिक्सर, वेल्डिंग, रसाचं गुऱ्हाळ. मूर्तिशाळाही आहेत. दहा सप्टेंबरला गणपती आणि मूर्ती चिखलात विरघळल्या, त्यांना रंगापासून सुरुवात करायचीय. क्लबमध्ये कालच भांडून ठरवलं, यापुढे किट बंद. उरलेला पैसा दुरुस्तीला. दोन सभासद चिडून उठून गेले. किट वाटताना फोटो निघतो, मशीनच्या दुरुस्तीचा निघत नाही, असं मी बोललो, ते त्यांना लागलं. पण मला ते पटलंय आणि मी मागे हटणार नाही.

ए-४०३ नाना, ९.४४
हे चांगलं आहे.

डी-३०१ सर, ९.४६
काल सरकारने ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. कुटुंबाला १० हजार, दुकानदाराला ५० हजारांपर्यंत, टपरीवाल्याला १० हजार. शिलाईवाल्या वहिनींचा पंचनामा झालाय का?

बी-४०१ अण्णा, ९.४९
झालाय, पण त्यात एकच मशीन लिहिलंय. तलाठी आले तेव्हा दोन ढिगाऱ्याखाली होत्या.

डी-३०१ सर, ९.५१
मग अर्ज मी लिहून देतो. फोटो आणि पावत्या घेऊन त्यांना संध्याकाळी पाठवा. पावत्या भिजल्या असतील तर तशाच आणा, फेकू नका. बाकी गाळेवाल्यांनाही सांगा.

बी-२०३ वहिनी, ९.५८
अण्णा, सकाळी मी जरा जास्त बोलले असेन. पण गाठोडी उचलाच. आणि मशीन उघडायला कोरडी जागा लागेल ना? आमची पार्किंगची जागा घ्या. गाडी तशीही गॅरेजला आहे, इंजिनमध्ये पाणी गेलंय.

गाळा क्र. ३ (शिलाई), १०.०७
नमस्कार. मी या ग्रुपवर कधी लिहीत नाही. ज्यांचे कपडे माझ्याकडे होते त्यांची नावं मला पाठ आहेत, मी प्रत्येकाला भेटणार आहे. शिलाई घेणार नाही, कापडाचे पैसे हळूहळू देईन. मापं परत घ्यावी लागतील, तेवढं या.

सी-१०२ काकी, १०.०८
कापडाचे पैसे कसले गं? मी माप द्यायला आजच येते.

सी-१०४ बंटी, १०.१०
गाठोडी आम्ही चौघं उचलतो. सुती कपडे बाजूला काढू का? मिस्त्रीला पुसायला फडकी लागतील.

बी-४०१ अण्णा, १०.१२
काढ. बाकीचं मार्कंडीच्या गोदामात. मिस्त्री अकराला येतोय. पायमशीनचं स्टँड जड आहे, दोघं खाली थांबा.

ए-२०२ भाऊ, १०.१५
ठराव पुढच्या मीटिंगला घ्या, मी मांडतो. तोवर पंप आणि मशीनसाठी वेगळा सबमीटर लावा. माझ्याकडे एक पडून आहे, वरच्या माळ्यावर होता म्हणून वाचला. रोज सकाळ-संध्याकाळ रीडिंग लिहायचं.

ए-३०४ सेक्रेटरी, १०.१६
चालेल भाऊ. वायरमनला बोलावतो.

ए-२०२ भाऊ, ११.२४
सबमीटर बसला. सुरुवातीचं रीडिंग ०३१७.४. संध्याकाळचं कोण लिहिणार, नाव टाका.