थायलंडला इंग्रजी शिकवायला निघालेय, रोजच्या राहण्या-खाण्याबद्दल सल्ला हवाय

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. मी इंग्रजीत एम.ए., बी.एड. आहे. लातूरला तासिका तत्त्वावर शिकवतेय, आणि कायम जागेची जाहिरात निघेल या आशेवर आता आणखी वर्षं घालवायची नाहीत असं ठरवलंय. थायलंडमध्ये खोन केनच्या एका माध्यमिक शाळेत काम मिळालंय. तिथलं शैक्षणिक वर्ष मे महिन्यात सुरू होतं, म्हणून एप्रिलअखेर निघेन. व्हिसा आणि वर्क परमिटचं शाळा बघतेय. मला विचारायचंय ते रोजच्या जगण्याचं. आमचं घर माळकरी, मी मांस, मासे, अंडी काहीच खात नाही. खोली घेताना काय बघावं? स्वयंपाक जमतो का? एकटी राहणार म्हणून आईनं घोर लावून घेतलाय. बँकॉकात आपली माणसं भेटतात म्हणे, पण खोन केन तिथून साडेचारशे किलोमीटर. ज्यांनी तिकडं दिवस काढलेत त्यांनी सविस्तर लिहा, कृपा होईल.

नांदेडची_लेक

ताई, मनापासून अभिनंदन. मी तुमच्या शेजारीच, उदोन थानीत शिकवते. हा सगळा भाग इसान, म्हणजे थायलंडचा ईशान्येकडचा पठारी मुलूख.

आधी खाण्याचं सांगते, कारण पहिल्या महिन्यात माणूस तिथंच खचतं. "मांस खात नाही" एवढं सांगून भागत नाही. मासे खारवून काढलेलं पातळ पाणी, ज्याला नाम प्ला म्हणतात, ते मिठासारखं सगळ्यात पडतं. इसानात वरून प्ला रा, म्हणजे आंबवलेला मासा. पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा सुकी कोळंबी असते. तुम्ही "किन जे" हे दोन शब्द पाठ करा. जे म्हणजे मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही. पिवळ्या झेंडीवर लाल अक्षर लावलेली दुकानं दिसतील, तिथं डोळे झाकून जेवा. मंगसविरत हाही शब्द ऐकाल, पण त्यात अंडं चालतं, म्हणून तुमच्यासाठी जेच बरा. साध्या गाड्यावर सांगताना "माय साय नाम प्ला, माय साय प्ला रा" म्हणायचं, म्हणजे हे दोन्ही घालू नका. रोज एकाच मावशीकडं गेलात की आठवड्यात तिला पाठ होतं, मग ती तुम्हाला बघूनच वेगळी कढई ठेवते. म्हणून रोज नवीन गाडा शोधत फिरू नका.

भाड्याच्या खोल्यांत बहुधा ओटा नसतो. इंडक्शन आणि लोखंडी तवा एवढ्यावर माझं सगळं चालतं. सोललेली मूगडाळ कुठंही मिळते, तूरडाळ मात्र बँकॉकच्या फाहुरात भागातल्या आपल्या लोकांच्या दुकानांतून मागवावी लागते. ज्वारीचं पीठ सुरुवातीपुरतं पॅकबंद न्या, जास्त नको. दमट हवेत कडू होतं, फ्रिजमध्येच ठेवा. संपलं की तांदळाची भाकरी. त्यासाठी तीन तोंडांच्या हत्तीचं चित्र असलेलं पीठ घ्या, पण लाल छपाईची पिशवी बघून. हिरव्या छपाईची चिकट तांदळाची असते, त्याची उकड हाताला धरून बसते, भाकरी थापूच देत नाही. ठेच्याची मात्र चंगळ आहे. मिरची, लसूण, शेंगदाणे बाजारात समोरासमोर, आणि खलबत्ता तिथल्या घराघरात. दही घेताना पाकीट वाचा, साधं म्हणून विकलेल्या दह्यातही साखर असते.

पूर्णाकाठचा, परभणी

कागदांचं शाळा बघतेय म्हणालात तरी काही गोष्टी स्वतःच्या हातात ठेवा. पदवीचं मूळ प्रमाणपत्र न्या, प्रोव्हिजनल नको. आपल्या नांदेडच्या स्वारातीम (स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा) विद्यापीठाचं असेल तर गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट आत्ताच काढून ठेवा, तिकडून माणूस पाठवून काढायचं म्हणजे लई हेलपाटे. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतं. आणि पर्यटक म्हणून उतरायचं, शिकवायला लागायचं, कागद नंतर होतील, असं कोणी एजंट म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे कामासाठीचा व्हिसा हातात पडल्यावरच विमानात बसा.

तिथं गेल्यावर घरमालकानं 24 तासांच्या आत तुमचा पत्ता इमिग्रेशनला कळवायचा असतो. ते झालं की नाही, त्याची पावती मागून घ्या, पुढं व्हिसा वाढवताना लागते. मग दर 90 दिवसांनी आपण राहतो कुठं हे कळवायचं. उशीर झाला तर 2,000 बातचा (बात म्हणजे थाई चलन) दंड. आणि सगळ्यात महत्त्वाचं: दिवाळीला घरी यायचं असलं तर निघण्याआधी री-एंट्री परमिट काढा. एकदा येण्या-जाण्याचं 1,000 बात, कितीही वेळा येण्या-जाण्याचं 3,800. ते न काढता देश सोडला की राहण्याची मुदत रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून.

खोली घेताना भाड्याइतकंच विजेच्या युनिटचा दर विचारा. बरेच मालक सरकारी दरापेक्षा जास्त लावतात, आणि मार्च ते मे एसी लावल्याशिवाय झोप लागत नाही. आपला उन्हाळा अंगवळणी आहे म्हणून चालत नाही, तिथं वर दमटपणा आहे. दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिट आणि एक आगाऊ, एवढे पैसे हाताशी ठेवूनच जा. पहिला पगार महिनाभरानं येणार.

मांजराकाठ, लातूर

दोघांचेही खूप आभार. री-एंट्रीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. वर्गाबद्दल विचारू का? चाळीस-पन्नास मुलं असतात म्हणे. ती आपल्याला स्वीकारतात का? तिथं गोऱ्या शिक्षकाची अपेक्षा असते असं वाचलं, त्यानं जरा धास्ती वाटायलीय.

बालाघाट, सध्या दा नांग

मी व्हिएतनामला आहे, पण हा प्रश्न दोन्हीकडं सारखाच. हो, पालक सुरुवातीला गोरा चेहरा शोधतात आणि काही ठिकाणी पगारातही फरक करतात. मनाला लागतं, लागणारच. पण वर्ग तुमच्या हातात आला की ते विरतं. आपण इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकलो, मराठी माध्यमातून आलो, पोरगं नेमकं कुठं अडतंय हे आपल्याला आतून कळतं. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला ते शिकून घ्यावं लागतं. ही आपली खरी ताकद आहे, तिची लाज बाळगू नका. शाळेत कुणी विचारलंच तर ताठ मानेनं सांगा, मी भारतातून आले, माझ्या हातात बी.एड. आहे.

जाता जाता, इकडं व्हिएतनामला कुणी येणार असेल तर: आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथं चालत नाही, तो 1949 च्या करारातला आहे आणि व्हिएतनाम 1968 चा मानतो. स्थानिक परवाना काढल्याशिवाय स्कूटरला हात लावू नका, अपघात झाला तर विमाही हात वर करतो. खाण्याचं म्हणाल तर चाय (chay, म्हणजे शाकाहारी; आपला चहा नव्हे) लिहिलेली दुकानं शोधा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे त्यांच्या चांद्र महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला, बरेच लोक स्वतःच शाकाहार पाळतात, त्या दिवशी आपल्याला निवडायला भरपूर.

नांदेडची_लेक

ताई, धास्ती सोडा. पोरं लई मायाळू आहेत. फक्त प्रश्न विचारत नाहीत. कळलं का म्हटलं की सगळी मान डोलवतात, ते कळण्याचं नसतं, शिक्षकाला वाईट वाटू नये म्हणून असतं. म्हणून वर्गाला न विचारता जोड्या लावून एकमेकांत बोलायला लावा आणि बाकांमधून फिरत कान द्या. शेवटचं व्यंजन गिळतात, एल शेवटी आला की त्याचा न करतात, स्कूलचं स्कून होतं. दररोज पाच मिनिटं फक्त शब्दाच्या शेवटावर द्या, सहामाहीत फरक ऐकू येतो. हजेरीतली नावं भली लांब असतात, पण प्रत्येकाला घरचं छोटं टोपणनाव असतं. पहिल्याच तासाला ते पाट्यांवर लिहून घ्या.

आणि एक गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा लवकर उमजेल. इसान पावसावरचा मुलूख. भात, ऊस, कसावा आणि पीक गेलं की माणसं बँकॉकला कामाला. वर्गातली कितीतरी पोरं आजी-आजोबांकडं वाढतात. आपल्याकडं ऊसतोडीला आई-बाप गेल्यावर मागं राहिलेली लेकरं असतात ना, अगदी तशीच ही गप्प बसतात, तशीच शनिवारी फोनची वाट बघतात. पालकसभेला आजी आली तर तिला हात जोडून वाकून नमस्कार करा. ती तुमची भाषा समजणार नाही, पण दुसऱ्या दिवशी पोरगं पुढच्या बाकावर येऊन बसेल.

शाळा सुरू झाल्यावर, बहुधा जूनमधल्या एखाद्या गुरुवारी, वाय क्रू म्हणजे गुरुपूजन असतं. मुलं वांग्याची फुलं, दोक खेम म्हणजे इक्सोराची फुलं आणि हरळी लावलेली तबकं घेऊन गुडघ्यावर चालत येतात. हरळी म्हणजे आपल्या गणपतीच्या दूर्वाच! त्या दिवशी साडी नेसून जा. मुख्याध्यापकांपासून शिपायापर्यंत सगळे येऊन बघतात, तिथून ओळखी वाढतात.

एकटेपणाचं सांगते. बँकॉकच्या आपल्या मंडळींना सणाला जरूर भेटा, पण रोजचं जगणं शाळेतल्या बायकांत बसवा. त्या शनिवारी बाजारात नेतात, दवाखान्यात सोबत येतात, घरमालकाशी भांडतात. सगळे निरोप लाइन ॲपवर थाईत येतात, फोटो काढून भाषांतर करून घ्यायची सवय लावा, नाहीतर उद्या सुट्टी आहे हे तुम्हाला एकटीलाच कळणार नाही.

पूर्णाकाठचा, परभणी

आणखी एक राहिलं. आपलं सिमकार्ड चालू ठेवा आणि निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. लातूरच्या बँकेत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं, करायचं विचारून घ्या. आईशी बोलायची वेळ ठरवून टाका. तिथलं घड्याळ दीड तास पुढं. तुमचा सकाळी आठचा झेंडा म्हणजे लातूरला साडेसहा, आणि शाळा चारला सुटली की इकडं अडीच, आई तेव्हा मोकळी असेल.

मांजराकाठ, लातूर

संध्याकाळी आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरी जा. तिचा एकच प्रश्न: आंब्याचं लोणचं विमानात चालतं का?

नांदेडची_लेक

चालतं, पण चेक-इन बॅगेतच. केबिनमध्ये तेलामुळं अडवतात. काचेची बरणी नको, जाड प्लॅस्टिकच्या डब्यात भरून झाकणाला टेप लावा आणि वरून दोन पिशव्या. जरा जास्तच भरा, शाळेतल्या बायकांना चिकट भाताबरोबर लई आवडतं.