एजन्सीकडून चूक झाली तर उत्तर कोणी द्यायचं?

नेट_परीक्षार्थी: लोकप्रशासनाच्या पेपरसाठी ब्रिटनच्या ‘नेक्स्ट स्टेप्स’ सुधारणा वाचतेय. १९८८च्या इब्ज अहवालाने सुचवलं की धोरण मंत्रालयाने ठरवावं आणि प्रत्यक्ष काम एजन्स्यांनी करावं. प्रत्येकीला मुख्याधिकारी, वार्षिक उद्दिष्टं आणि मंत्र्यांशी ठरलेला लेखी आराखडा. पण काही बिघडलं तर संसदेत जाब कोणी द्यायचा, तेच कळत नाहीये.

जुना_सेवक: ताई, ब्रिटनमधल्या अशाच एका एजन्सीत मी नऊ वर्षं होतो. फायदा खरा होता. अर्ज किती दिवसांत निकाली निघायला हवा, हे आमच्याकडे पहिल्यांदा कागदावर आलं आणि दर महिन्याला साहेबांना त्याचा हिशेब द्यावा लागे. पण पेपरात आमच्याबद्दल बातमी आली की दुपारच्या आत मंत्रालयाचा फोन! मग हातातलं काम टाकून खुलासे लिहीत बसायचं.

तुरुंग सेवेचं प्रकरण नीट वाचा. ती एप्रिल १९९३ मध्ये एजन्सी झाली. मुख्याधिकारी डेरेक लुईस टीव्हीच्या धंद्यातून आलेले. जानेवारी १९९५ मध्ये पार्कहर्स्ट तुरुंगातून तीन कैदी पळाले. ऑक्टोबरमध्ये त्या पलायनाच्या चौकशीचा लर्मंट अहवाल आला आणि गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांनी लुईसना काढलं. धोरण माझं, कारभार लुईस यांचा, ही हॉवर्ड यांची भूमिका. आता त्याच अहवालातली नोंद बघा: कामकाजाच्या ८३ दिवसांत तुरुंग मुख्यालयातून मंत्र्यांकडे हजाराहून जास्त कागद गेले. दिवसाला बारा! रोज इतके कागद बघणाऱ्याने कारभाराबाबत कानांवर हात ठेवावेत, हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

तुलनाकार: स्वीडनमध्ये एजन्स्यांची परंपरा सतराव्या शतकापासूनची आहे. एखाद्या नागरिकाच्या प्रकरणात एजन्सीने काय निर्णय द्यावा, हे सरकारने वा संसदेने सांगायचं नाही, असं तिथली राज्यघटनाच म्हणते.

नेट_परीक्षार्थी: मग ब्रिटनच्या आराखड्याला कायद्याचं बळ नव्हतं?

जुना_सेवक: नव्हतं. बहुतेक एजन्स्यांना मंत्रालयापासून वेगळं कायदेशीर अस्तित्वच नव्हतं. मुख्याधिकारी खासदारांच्या पत्रांना उत्तरं देत, संसदीय समितीपुढे बसत, पण मंत्र्यांच्या वतीने. लुईस यांनी दावा लावून भरपाई मिळवली, तीही नोकरीवरून काढल्याबद्दल. आराखडा मोडला म्हणून नव्हे.