मदत हवी आहे: सोयाबीन निघेपर्यंत तीन देणी, आधी कोणतं फेडायचं?

काळी माती:
लहान भाऊ यवतमाळला बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला, घर घाटंजी तालुक्यात. लोन ॲपचे ५,००० (हाती ३,५०० आले, सात दिवसांत फेड), गावातल्या सावकाराचे १०,००० शेकडा ५ रुपये महिन्यानं, मेसचे ४,६००. महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं संकेतस्थळ) शिष्यवृत्ती मंजूर दिसते, पैसे नाहीत. हातात ६,००० आहेत. सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास निघेल. आधी कोणाचे द्यावे?

वऱ्हाडी गणित:
आधी ॲप. ३,५०० वर १,५०० म्हणजे आठवड्याला जवळपास ४३ टक्के! पण पैसे टाकण्याआधी करारात कोणत्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी) नाव आहे ते बघा अन् रिझर्व्ह बँकेच्या यादीत शोधा. नाव सापडलं तर कंपनीच्याच खात्यात भरा, एजंटनं पाठवलेल्या यूपीआयवर नाही. ना-देय दाखला घ्या. उरलेले १,००० मेसला द्या अन् बाकीची तारीख सांगा. मेसवाले व्याज लावत नाहीत, गायब होणाऱ्या पोट्ट्यांवर चिडतात.
नाव नाहीच सापडलं तर वसुलीचे मेसेज स्क्रीनशॉट करून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार. ॲपला फोनमधली नावं अन् फोटो चाळायची परवानगी नियमातच नाही, ती सेटिंगमधून काढा. यूपीआयमधलं ऑटोपेही बंद करा, नाहीतर शिष्यवृत्ती आली की तीच कापली जाईल. अन् हे फेडायला दुसरं ॲप उघडू नका.

तहसील चौक:
सावकाराकडे परवाना आहे का? शेकडा ५ महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली विनातारण कर्जाला शेतकऱ्यासाठी वर्षाला १२ अन् इतरांसाठी १८ टक्के ही कमाल आहे, चक्रवाढ तर चालतच नाही. परवाना नसेल तर तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे लेखी अर्ज द्या. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती मागा. कोऱ्या मुद्रांकावर किंवा कोऱ्या चेकवर सही करू नका, शेतीची प्रकरणं तिथूनच बिघडतात.

वऱ्हाडी गणित:
शिष्यवृत्तीचं राहिलं. खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं, ‘सीडिंग’ वेगळं. सीडिंग म्हणजे सरकारी पैसे कोणत्या खात्यात टाकायचे याची आधारवरची नोंद. डीबीटीचे (सरकारकडून थेट खात्यात येणारे) पैसे सीडिंग असलेल्या एकाच खात्यात जातात, अर्जात कोणतंही खातं लिहा. यूआयडीएआयच्या (आधार देणारी संस्था) संकेतस्थळावर आधार क्रमांक अन् ओटीपी टाकून बँक सीडिंग स्टेटस बघा.

काळी माती:
बघितलं. यवतमाळचं खातं नाही दिसत, गावाकडच्या बँकेतलं जनधन दिसते. ते दहावीत काढलं होतं, नंतर कोणी हात लावला नाही.

वऱ्हाडी गणित:
मग आधी त्या खात्याचं पासबुक भरून आणा, पैसे तिथं पडले असू शकतात. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय झालं असेल. आधार अन् पॅन घेऊन शाखेत केवायसी करा. सीडिंग बदलायची घाई शिष्यवृत्तीचा हप्ता सापडेपर्यंत करू नका.