डक्टची सफाई कोणाकडे द्यावी? तीन अंदाजपत्रके हाती आहेत

प्रश्न : तळमजल्यावरचे हॉटेल, ठाणे

नमस्कार मंडळी. ठाण्यात एका पाच मजली सोसायटीच्या तळमजल्यावर माझे ४० आसनांचे हॉटेल आहे. भटारखान्यात चायनीजच्या दोन शेगड्या, एक तवा, एक फ्रायर आणि गॅसवरचा तंदूर आहे. शेगड्यांवरच्या धूर गोळा करणाऱ्या हूडमधून निघालेला पत्र्याचा डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, पोटमाळ्यावरून साधारण २० फूट आडवा जातो, मागच्या भिंतीतून बाहेर पडतो आणि तेथून उभा चढून गच्चीवरच्या ब्लोअरला, म्हणजे धूर ओढणाऱ्या पंख्याला, मिळतो. हूडच्या जाळ्या आमची मुले रोज रात्री गरम पाण्यात भिजवून धुतात. डक्ट मात्र आतून कधी साफ झाला होता की नाही, हे तीन वर्षांपूर्वी हॉटेल चालवायला घेतले तेव्हाही कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

गेल्या महिन्यात मागच्या भिंतीवर, डक्टच्या सांध्याखाली, तपकिरी ओघळ दिसू लागला. बोट लावून पाहिले तर काकवीसारखा चिकट. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तो विषय सोसायटीच्या सभेत काढला, त्यामुळे आता टाळाटाळ करण्याची सोय उरलेली नाही.

तीन ठिकाणांहून दर मागवले. पहिल्याने जागा न पाहता फोनवरच ९ हजार सांगितले. दुसरा येऊन हूड पाहून गेला आणि २४ हजार म्हणाला. तिसरा दीड तास होता. गच्चीवर चढला, ब्लोअरचे झाकण उघडायला लावले आणि डक्टला सहा ठिकाणी दारे कापावी लागतील, असे सांगून त्यांच्या खर्चासह ४१ हजारांचे अंदाजपत्रक दिले. पहिला मला फसवतो आहे की तिसरा, हे ठरवायचे कसे?

उत्तर १ : डक्टमिस्त्री, पुणे

मी हॉटेलांच्या एक्झॉस्टची उभारणी आणि देखभाल बरीच वर्षे केली आहे. तुमच्या वर्णनातली निर्णायक गोष्ट दरात नसून त्या सहा दारांत आहे. तेलाची वाफ जाळीतून पुढे गेली की थंड पत्र्यावर गोठते, आणि हा चिकटा सर्वांत जास्त साचतो तो हूडच्या लगेच वरच्या भागात, प्रत्येक बेंडपाशी (वळणापाशी), आडव्या डक्टच्या तळाशी आणि ब्लोअरच्या खोक्यात. चायनीजच्या शेगडीची ज्योत कढईवर भडकून जाळीपर्यंत पोहोचली, तर ती नेमकी या थराला लागते, आणि चालू ब्लोअर तिला वर ओढत नेतो. तेव्हा २० फूट आडवा डक्ट दारे न कापता साफ करू, असे जो सांगतो, तो हूडपासून हात पोहोचेल तेवढेच खरवडणार आहे. भिंतीवरचा ओघळ हेच सांगतो की आतला थर पत्र्याच्या सांध्यातून बाहेर येण्याइतका साचला आहे.

सफाई करणाऱ्याला दर विचारण्यापूर्वी मी तीन गोष्टी विचारतो. थर मोजणार कसा? दात असलेली एक छोटी पट्टी या कामासाठी मिळते. ती थरावर टेकवली की कोणत्या दातापर्यंत चिकटा लागला, त्यावरून जाडी कळते. सफाईआधीचे आणि नंतरचे फोटो एकाच जागेचे, एकाच कोनातून देणार का? आणि रसायन कोणते वापरणार? या शेवटच्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात. कॉस्टिक सोडा चिकटा झटकन काढतो हे खरे, पण तो अ‍ॅल्युमिनियमच्या जाळ्या खातो आणि जीआय पत्र्यावरचा जस्ताचा मुलामाही उतरवतो. त्या वर्षी डक्ट लख्ख दिसतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंजू लागतो.

कापलेल्या दारांना घट्ट बसणारी, उष्णता सहन करणाऱ्या गॅस्केटची (फट बंद करणाऱ्या पट्टीची) झाकणे आहेत ना, हेही लिहून घ्या. सिलिकॉनचा साधा पट्टा मारून झाकलेले दार म्हणजे पुढचा ओघळ.

उत्तर २ : लीसेस्टरचा मराठी स्वयंपाकी

इथे ब्रिटनमध्ये या कामासाठी टीआर १९ नावाची मार्गदर्शिका प्रमाण मानली जाते. तिच्यानुसार थराची सरासरी जाडी २०० मायक्रॉनच्या आत ठेवायची असते. २०० मायक्रॉन म्हणजे साध्या छपाईच्या कागदाचे दोन ताव एकावर एक ठेवले तर जेवढी जाडी होईल, तेवढी. तुमचा ओघळ पाहता आतला थर त्याच्या कितीतरी पुढे गेला असावा. रोज १२ ते १६ तास चालणाऱ्या भटारखान्यासाठी दर तीन महिन्यांनी सफाई सुचवली जाते. अमेरिकेच्या एनएफपीए ९६ या मानकातही चायनीजच्या कढईवर चालणाऱ्या स्वयंपाकाची तपासणी दर तीन महिन्यांनी आणि लाकूड-कोळशाच्या भट्टीची दरमहा करायला सांगितले आहे. आमच्या विमा कंपनीला प्रत्येक सफाईचा फोटोंसह अहवाल द्यावा लागतो, आणि जिथे हात पोहोचला नाही ती जागा त्या अहवालात स्पष्ट लिहिलेली असते. तुमच्या तिसऱ्या माणसाकडून अशी ‘न पोहोचलेली जागा’ लिहून मागा. जो ती लिहून द्यायला तयार होतो, त्याच्यावर मी विश्वास टाकतो.

उत्तर ३ : भटारखाना व्यवस्थापक, नाशिक

आमच्याकडे घडलेला प्रकार सांगतो. एका कंत्राटदाराने ब्लोअरच्या पंख्याचा चिकटा अर्धवट काढला. दोन पाती स्वच्छ, बाकीची तशीच. पंख्याचा तोल गेला, चौथ्या दिवशी गच्चीवरून घरघर ऐकू येऊ लागली आणि महिन्याच्या आत बेअरिंग गेले. बेअरिंग आणि पट्टा बदलण्याचा खर्च सफाईच्या बिलाइतकाच झाला. वर आडव्या डक्टमधला खरवडलेला चिकटा त्याने बाहेर न काढता बेंडपाशीच ढकलून ठेवला होता. म्हणून बिल देण्याआधी ब्लोअर सुरू करून थरथर होते का ते पाहा, आणि निघालेला चिकटा पोत्यात भरून दाखवायला सांगा. तो गटारात सोडू देऊ नका. सोसायटीची लाइन तुंबली तर काकू पुन्हा सभेत उभ्या राहतील.

कामाच्या वेळी ब्लोअरचा स्विच बंद करून त्याला कुलूप लावा आणि किल्ली गच्चीवर काम करणाऱ्या माणसाच्याच खिशात ठेवा. आमच्या एका पोऱ्याने चहा करायला शेगडी पेटवली आणि सवयीने ब्लोअरही सुरू केला होता. वरच्या माणसाचा हात थोडक्यात वाचला.

उत्तर ४ : डक्टमिस्त्री, पुणे

नाशिकच्या मित्राचा कुलपाचा मुद्दा मी लिहायला विसरलो होतो. आणखी एक गोष्ट. ‘आम्ही अग्निशमन दलाचे परवानाधारक आहोत’ असे कोणी सांगितले, तर गैरसमज करून घेऊ नका. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये जे प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन सादर करायचे असते, ते अग्निसुरक्षेच्या उपाययोजना सुस्थितीत असल्याचे असते. ते हातात आहे म्हणून डक्टचा थर निघाला, असे होत नाही. हूडखाली आग विझवणारी नोझल असतील, तर सफाईवाल्याने ती झाकावीत आणि नंतर झाकणे काढल्याची खात्री तुम्ही स्वतः करावी.

प्रश्नकर्ता : तळमजल्यावरचे हॉटेल, ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. काल तिघांनाही फोन करून थर मोजण्याबद्दल विचारले. पहिला म्हणाला, ‘साहेब, मोजायचे काय त्यात, डोळ्यांनी दिसते.’ दुसरा फोटो द्यायला तयार आहे, पण दारे कापायला नको म्हणतो. तिसऱ्याने पट्टी आहे असे सांगितले, रसायनाचे माहितीपत्रक पाठवले आणि एक गोष्ट आपणहून कबूल केली, की दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या उभ्या भागापर्यंत त्याला बाहेरून पोहोचता येणार नाही. तिथे वरून दोरीला बांधलेला ब्रश सोडावा लागेल आणि तेवढा भाग पूर्ण स्वच्छ होईलच, याची तो हमी देत नाही. तो भाग अहवालात तसाच लिहायचे त्याने मान्य केले आहे.

काम त्यालाच दिले. येत्या सोमवारी हॉटेल बंद ठेवतो आहे. गच्चीची किल्ली काकूंकडे असते, ती मागायला आज संध्याकाळी जातो.