निर्णय पटला नाही तर दाद कुठे मागायची? कॅथलिक, सीएनआय, मेथडिस्ट, स्वतंत्र मंडळ्या

गोदाकाठ: नाशिकच्या एका युवा गटासाठी टिपण करतोय. गटात कॅथलिक आहेत, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहेत, स्वतंत्र मंडळ्यांतले पेंटेकोस्टलही आहेत. फादर, बिशप किंवा कमिटीचा निर्णय पटला नाही तर साध्या सभासदाने नेमकं काय करायचं? 'वरिष्ठांना कळवा' हे सगळेच सांगतात. मला पायऱ्या आणि मुदती हव्यात.

कॅनन_वाचक: कॅथलिकांचं सांगतो. आधी वाद शिकवणुकीचा आहे की कारभाराचा, ते ठरवा. शिकवणुकीवर मतदान नसतं. आपलं मत धर्माधिकाऱ्यांपुढे आदराने मांडायचा हक्क मात्र कॅनन (चर्चच्या कायद्याचं कलम) २१२ देतो.

कारभाराच्या हुकमाला, समजा दोन धर्मग्राम (पॅरिश) एकत्र करण्याला, रीतसर आव्हान देता येतं. बिशपांचा हुकूम हाती आल्यापासून १० दिवसांत त्यांच्याकडेच लेखी अर्ज करायचा: निर्णय मागे घ्या किंवा बदला (१७३४). त्यांना ३० दिवस मिळतात. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर पुढच्या १५ दिवसांत रोमकडे अपील (१७३७). हुकूम फादरांचा असेल तर तो पहिला अर्ज लागत नाही, सरळ बिशपांकडे जा.

प्रकरणं बुडतात ती या १० दिवसांत. लोक सह्या गोळा करत बसतात नाहीतर थेट रोमला पत्र धाडतात, आणि तोवर मुदत संपते. सह्या कितीही असोत, मुदत वाढत नाही. अर्जाची तारखेसह पोच घ्या.

पॅरिश कौन्सिलचा ठराव निव्वळ सल्ला असतो. पण धर्मग्राम मोडण्याआधी बिशपांनी धर्मगुरूंच्या परिषदेचं मत घेतलंच पाहिजे (५१५). घेतलं नसेल तर अर्जात हा मुद्दा सगळ्यात वर घाला.

शरणपूरकर: सीएनआयमध्ये खेळ सभेचा. आधी स्थानिक मंडळीची पास्टोरेट कमिटी, मग बिशपांच्या प्रांताची डायोसेसन कौन्सिल, मग सगळ्या चर्चची सिनड. तिन्हीकडे पाळकांबरोबर सामान्य सभासदही बसतात. म्हणून विषय आधी अजेंड्यावर आणा, ठराव लेखी द्या आणि हरलात तर विरोध इतिवृत्तात नावानिशी नोंदवून घ्या. पुढे वर दाद मागताना हाच कागद कामाला येतो. चर्चबाहेर, गेटवर केलेली भाषणं कुणी नोंदवून घेत नाही.

शिकवणुकीतले मतभेद इथे बरेचदा सामावून घेतले जातात. १९७० साली नागपूरला सहा चर्च एकत्र आली, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि प्रौढपणी घ्यायचा बाप्तिस्मा, दोन्ही मान्य ठेवले.

ट्रस्ट_कायदा: स्वतंत्र मंडळीत बहुधा वर कुणीच नसतं. संस्थापक पाळकच अध्यक्ष, बाकी विश्वस्त घरचे. पहिलं काम, संस्थेची घटना मागवा: सभासद कोण, सभा कोण बोलावतो, कोरम किती. पुष्कळ ठिकाणी उपासनेला येणारे कागदोपत्री सभासदच नसतात. मग मताचा हक्क कुठला?

ट्रस्ट १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असेल तर धर्मादाय कार्यालयात जाता येतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत कळवावं लागतं (कलम २२), जागा विकायला परवानगी लागते (३६), गैरकारभारी विश्वस्ताला काढता येतं (४१ ड). प्रवचनात काय शिकवलं, यावर तिथे सुनावणी होत नाही.

गोदाकाठ: आणि मेथडिस्ट?

शरणपूरकर: १९७०च्या एकीकरणात अमेरिकन परंपरेतले मेथडिस्ट आले नाहीत, त्यांची रचना वेगळी. पाळकाची नेमणूक कॉन्फरन्सच्या (विभागातल्या मंडळ्यांच्या सभेच्या) वार्षिक बैठकीत बिशप करतात, मंडळी मतदानाने निवडत नाही. हरकत असेल तर नेमणुकांच्या याद्या जाहीर व्हायच्या आधी डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंटना (डिस्ट्रिक्टमधल्या मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या पाळकांना) लेखी द्या.